काळी पाच, उणे पाच

गेल्या दिवाळीला याच पानावर मी आमच्या इन्व्हर्टरची कर्मकथा सांगितली होती. त्यानंतर पुष्कळ वाचकांनी पत्रे लिहून एकच सल्ला दिला, की मास्तर, यापुढे बटण असलेली वस्तू घरात आणू नका. सल्ला मी शिरसावंद्य मानला होता. परंतु वस्तू आपण आणाव्या लागतात थोड्याच? त्या आपल्या पायांनी चालत येतात. आणि पुण्याच्या चिरंजीवांनी धाडलेल्या असल्या, तर कुरियरवाल्याच्या पायांनी येतात. या खेपेस आला तो सिंथेसायझर.

त्याला कारण माझा डावा खांदा. गेली तीस-पस्तीस वर्षे मी आमच्या धाराशिवातल्या गल्लीच्या महिला भजनी मंडळाला पेटीची साथ करतो. (गावाचे नाव उस्मानाबाद होते तेव्हापासून करतो. २०२३ साली नाव बदलले, पण आमच्या चाली त्याच राहिल्या.) पेटीवाल्याचा उजवा हात लोकांना दिसतो. डावा हात भाता मारीत असतो, त्याची दखल कोणी घेत नाही. खुद्द पेटीवालाही घेत नाही, तो दुखू लागेपर्यंत. माझा खांदा दुखता दुखता असा आखडला, की सदऱ्याची बाही घालताना दोन माणसे लागू लागली. डॉक्टर म्हणाले, याला फ्रोजन शोल्डर म्हणतात. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात माणसाचे काही गोठू शकते, हे ऐकूनच मला क्षणभर बरे वाटले. पण भाता बंद झाला, आणि त्याबरोबर पेटीही.

चिरंजीवांना हे कळले. आठ दिवसांत खोके दारात. खोक्याला आडवे-उभे कसेही धरले तरी ते आमच्या देवघराच्या दारातून आत जाईना, म्हणून समारंभ ओसरीवरच झाला. सौ.ने हळदकुंकू वाहिले, पुढ्यात कुंथलगिरीचा पेढा ठेवला, आणि मी वीजेचा खटका दाबला. पहिल्याच दिवशी मी जे बटण दाबले, त्याचे नाव 'डेमो' होते. यंत्र एकदम आपले आपणच वाजू लागले. ढोल, कर्णे, गिटार, मध्येच टाळ्या! समोरच्या घरातल्या आजी बाहेर येऊन विचारू लागल्या, "मास्तर, वरात कुणाची?" ते बंद कसे करायचे ते मला ठाऊक नव्हते. शेवटी वायर ओढली.

येथे एक खुलासा केला पाहिजे. आमच्याकडे बँडवाल्यांपासून कीर्तनकारांपर्यंत सगळे जण या वस्तूला सिंथेसायझर म्हणतात, पण नातू म्हणाला, "आजोबा, हा खरा सिंथेसायझर नाही, हा अरेंजर कीबोर्ड आहे." खऱ्या सिंथेसायझरवर आवाज शिजवावा लागतो, आणि यात बहुतेक आवाज शिजवून डबे भरून ठेवलेले असतात. नुसते झाकण उघडायचे. तरी माझ्या यंत्राच्या डाव्या अंगाला दोन गोल खुंट्या आहेत, आणि त्यांच्यापुरता तो खरा सिंथेसायझर आहे. माझी निम्मी फजिती त्या दोन खुंट्यांनी केली, ते पुढे येईलच.

एकसष्ट पट्ट्या, त्यांच्या वर हा एवढा फळा, आणि फळ्यावर मुंगीच्या अक्षरात इंग्रजी. पहिला महिना मी त्याच्याकडे जिल्हा परिषदेच्या ताळेबंदाकडे पाहावे तसे पाहत होतो. प्रत्येक रकान्याला अर्थ आहे हे कळते, पण आपल्याला कळत नाही! मग एके रात्री मनात विचार आला, की आपण ज्या पेटीवर जन्म काढला, तिच्या तोंडावरच्या खुंट्या तरी आपल्याला कळल्या होत्या का? वाचकांतले पेटीवाले मनातल्या मनात हसतील. आपण सगळे पेटीला बसताना त्या साऱ्या खुंट्या एकदम बाहेर ओढतो आणि उठताना एकदम आत ढकलतो. वास्तविक एक खुंटी खर्जाच्या सुऱ्यांकडे वारा सोडते, दुसरी नर सुऱ्यांकडे, काही नुसता आधाराचा सूर धरून ठेवतात, एखादी सुराला कंप देते. हे मला साठी उलटल्यावर, तेही या परक्या यंत्राच्या निमित्ताने पेटी उघडून पाहिल्यावर कळले. पेटी तरी आपली कुठली? पॅरिसच्या दबॅं नावाच्या गृहस्थाने ती १८४०च्या दशकात काढली, तीही पायाने वारा भरायची. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी तिला मांडी घालून वाजवण्याजोगी केली, तेव्हा कुठे ती आपल्या सतरंजीवर आली. एवढे होऊनही १९४० साली रेडिओने तिला बंदी घातली, आणि ती तीस वर्षे टिकली. परक्या वस्तूला आपल्याकडे एकदम पाट मिळत नाही, हे लक्षात घेऊन मी नव्या पाहुण्याशी जरा सबुरीने वागायचे ठरवले.

नातू दर रविवारी फोनवर शिकवणी घेई. पोरगा इंजिनिअरिंगला आहे, पण शिकवतो चांगला. त्याने मला आधी एका जुन्या यंत्राचे चित्र पाठवले. अमेरिकेतल्या रॉबर्ट मूग यांनी १९६४ साली आपला पहिला सिंथेसायझर दाखवला, तो कपाटाएवढा होता. १९७० साली त्यांनी त्याचाच मांडीवर मावेल असा लहान भाऊ काढला, मिनीमूग. त्याच्या फळ्यावर खुंट्याच खुंट्या, पण त्या डावीकडून उजवीकडे वाचायच्या. आधी नाद जन्मतो ते घर, मग दोन-तीन नाद एकत्र कालवायचे घर, मग त्यांना गाळून-चाळून आकार द्यायचे घर, आणि शेवटी आवाज बाहेर पडायचे दार. नातू म्हणाला, "आजोबा, एवढं कळलं की कुठलाही फळा कळतो." मला तर ते चित्र पाहून स्वयंपाकघरच आठवले. डबे, परात, चाळणी, ताट.

चाळणी मला फार आवडली. तिचे नाव फिल्टर. माझ्या डाव्या खुंटीत तीच आहे. खुंटी उलटी फिरवत गेले की आवाजातला वरचा चमचमीतपणा झडत जातो आणि नुसता गाभा उरतो. शेजारच्या घरात लग्न असले आणि मध्ये भिंत असली, म्हणजे आपल्याला गाण्याचे शब्द ऐकू येत नाहीत, फक्त ढोलकी धपधपते, अगदी तसे. खुंटी सुलटी फिरवली की कोणी भिंतीतले दार उघडावे तसा सगळा आवाज झळाळून बाहेर येतो. दुसरी खुंटी, रेझोनन्स, त्या दाराच्या नेमक्या कडेवरचा आवाज टोचून वर काढते. तिचा अतिरेक झाला की पेटी पडशाने गाऊ लागते. या दोन खुंट्यांवर मी तीन रात्री काढल्या. सौ.ने अखेर कानांवर उशी घेतली.

याच खुंट्या एक बटण दाबले की आपले काम बदलतात. मग एकीने सूर किती झटकन उगवायचा ते ठरते, आणि दुसरीने बोट उचलल्यावर तो किती रेंगाळायचा ते. कुठल्याही नादाचे चार प्रहर असतात असे मानतात. उगवणे, किंचित उतरणे, एका पातळीवर टिकणे, आणि मावळणे. तबल्याची थाप उगवते तशी मावळते. देवळातली घंटा उगवते क्षणात, पण मावळायला तिला सावकाश वेळ लागतो. पेटी भात्यात वारा असेतोवर टिकते आणि बोट उचलताच संपते. हे सारे मला आधीपासून कानाला ठाऊक होते, फक्त त्याला खुंटी असते हे ठाऊक नव्हते. आणि खुंटी असली म्हणजे ती चुकून फिरतेही. मार्गशीर्षातल्या एकादशीला मी ती उगवतीची खुंटी कशी कोण जाणे अर्ध्यावर ठेवून बसलो. माझे बोट पडे वेळेवर, पण सूर डोळे चोळत अर्ध्या मात्रेने उठे. पखवाज पुढे, पेटी मागे, आणि मध्ये दहा-बारा बायका कोणाचे ऐकावे या विवंचनेत. सगळ्यांना वाटले, मास्तरांचे वय झाले. मलाही तेच वाटले. खुंटीचा शोध दुसऱ्या दिवशी दुपारी लागला.

'टच' नावाचे आणखी एक बटण आहे. पेटीवर पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात, आवाज ठरवतो तो भाता. येथे प्रत्येक पट्टीखाली दोन स्पर्शबिंदू असतात. पहिला मिटल्यापासून दुसरा मिटेपर्यंत किती वेळ गेला ते मोजून यंत्र ठरवते, की बोट किती जोराने पडले. म्हणजे आपण पट्टीला नव्हे, पट्टीच आपल्याला तपासत असते. आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला येथे तेरच्या गोरोबाकाकांचे थापटणे आठवल्याशिवाय कसे राहील! संतांच्या मेळ्यात त्यांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारून पाहिले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले. माझी पेटीवर वाढलेली हलकी बोटे यंत्राने तशीच कच्ची ठरवली. निम्मे सूर ऐकूच येईनात. मी ते बटण बंद केले. नामदेवांनी जाऊन गुरू केला, मला तेवढा उत्साह नव्हता.

सिनेमावाल्यांनी या फळ्यांशी पुष्कळ आधी सलगी केली. १९५४ सालच्या 'नागिन' चित्रपटातली बीन आठवते ना? आमच्या लहानपणी ती ऐकून थिएटरात साप निघाल्याच्या गप्पा होत्या. ती बीन नव्हतीच. कल्याणजी यांनी ती क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेच्या छोट्या बाजावर वाजवली, सोबत रवी यांची हार्मोनियम. क्लॅव्हिओलिन हा फ्रान्समधल्या कॉन्स्टंट मार्तां यांनी १९४७ साली काढलेला बाजा. पट्ट्यांच्या खाली खटक्यांची एक ओळ, आणि आवाज लहानमोठा करायला गुडघ्याने ढकलायचा दांडा. संगीताचे दिग्दर्शक हेमंतकुमार. पण त्या खटक्यांतला नेमका कोणता वर आणि कोणता खाली ठेवला म्हणजे गारुडी अवतरतो, हे शोधणाऱ्या कल्याणजींची मला आता कदर वाटते. पुढे १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूगचे मोठे यंत्र आले, मुंबईत केरसी लॉर्ड यांनी मूग सिनेमाच्या वाद्यवृंदात बसवला, आणि १९८२ साली चरणजित सिंग यांनी तीन जपानी यंत्रे जोडून दहा रागांची एक तबकडी काढली. ती तेव्हा कोणी फारशी घेतली नाही. २०१० साली ती परदेशात पुन्हा निघाली, तेव्हा तिकडचे लोक थक्क झाले.

यंत्रवाल्यांची बुद्धी मात्र सरळ रेषेत चालत नाही. १९८३ साली जपानी यामाहा कंपनीने डीएक्स-७ नावाचा सिंथेसायझर काढला आणि त्यावरच्या खुंट्याच काढून टाकल्या! सगळी सपाट बटणे आणि एक चिमुकली काच. जे पूर्वी हाताला लागत होते, ते काचेत डोकावून शोधावे लागू लागले. जगभर तो खपला, पण त्यावर स्वतःचा आवाज शिजवणारे फार थोडे. बहुतेकांनी तयार डबेच उघडले. माझ्या यंत्राचे कूळ मला त्यात दिसते.

त्या डब्यांविषयी माझी एक तक्रार आहे. १९९१ साली यंत्रवाल्यांनी मिळून १२८ आवाजांची एक सामायिक यादी ठरवली. ती आजही जवळपास प्रत्येक कीबोर्डात असते. तिच्यात १०५ वर सतार आहे आणि ११२ वर शहनाई. ठीक. पण १२४ वर पाखरू, १२५ वर टेलिफोनची घंटी, १२६ वर हेलिकॉप्टर आणि १२८ वर बंदुकीचा बार! माझे यंत्र खास हिंदुस्थानसाठी बनवलेले, म्हणून त्यात या यादीखेरीज हार्मोनियम, तबला, तानपुरा हेही घातले आहेत. परंतु शेकडो आवाज धुंडाळूनही मला आमच्या तुळजापूरच्या गोंधळ्यांचे संबळ सापडले नाही. हेलिकॉप्टर आमच्या मंडळाने अजून कधी वाजवले नाही. संबळाविना मात्र आमच्याकडे एक लग्न पार पडत नाही. उस्मानाबादी शेळी साऱ्या देशात नाव काढून बसली, तिचाही आवाज नाही, असे मी नातवाला म्हणालो, तर तो हसू आवरेना.

आणि 'स्टाइल'. हे बटण दाबले की ठेका आपोआप सुरू होतो. डाव्या हाताने एक पट्टी धरा, की त्या सुरात साथसंगतही होते. पहिल्यांदा ते दाबले तेव्हा आमचे पखवाजवाले शेजारी ओसरीवर बसले होते. यंत्रातून भजनी ठेका सुरू झाला, स्वच्छ, न चुकणारा. ते चार आवर्तने ऐकत राहिले, मग म्हणाले, "बरं हाय की मास्तर. ह्याला चहा बी लागत नाही." आणि पखवाजावरची गवसणी सारखी करू लागले, जी मुळात नीटच होती. त्या बटणावर मी त्याच संध्याकाळी मेडिकलमधली चिकटपट्टी लावली. ती आजही तेथे आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. टाळत होतो, हे चाणाक्ष वाचकांनी ओळखलेच असेल.

आमच्या मंडळात अभंग उचलायची ती आमची सौ. लग्न होऊन आली तेव्हापासून तिची पट्टी काळी पाच, म्हणजे सप्तकातली पाचवी काळी पट्टी तिचा षड्ज. त्यामुळे माझी बोटेही काळी पाचवरच शिकली आणि तेथेच म्हातारी झाली. दोन वर्षांपूर्वी तिच्या गळ्यातल्या थायरॉइडच्या गाठीचे ऑपरेशन झाले. आवाजाच्या नसा त्या ग्रंथीला अगदी लगटून जातात, ही कल्पना डॉक्टरांनी आधी दिली होती. गाठ साधी निघाली, देवाची कृपा. पण वरचे सूर गेले. बोलणे पूर्ववत झाले. गाताना मात्र मध्यमाच्या वर आवाज फाटे. दोनदा तसे झाले. तिसऱ्या एकादशीला तिने मुकाट्याने टाळ घेतले आणि मागच्या ओळीत जाऊन बसली. त्यावर ती काही बोलली नाही, मीही बोललो नाही. दुसरीने अभंग उचलला आणि मी काळी पाचवर साथ केली.

यंत्राच्या फळ्यावर 'ट्रान्सपोज' नावाची दोन बटणे आहेत, एक अधिक, एक उणे. पुस्तिकेत त्यांच्याविषयी दोनच ओळी होत्या, म्हणून मी तीन महिने तिकडे पाहिले नव्हते. एका दुपारी सहज उणे दाबले. काचेत शून्याचा उणे एक झाला, आणि काळी पाच दाबली तर पांढरी सहा ऐकू आली! आणखी दाबले, उणे दोन, काळी चार. बोट तेथेच, सूर खाली. बारा पायऱ्या खाली जाता येते आणि बारा वर. मी तसाच बसून राहिलो. माझ्या डोक्यात एक कारस्थान शिजले, आणि ते मला त्या वेळी फार थोर वाटले.

पुढच्या एकादशीला मी कोणाला न सांगता उणे दोन लावले. बायका म्हणाल्या, आज गळा मोकळा लागतोय. त्यापुढच्या खेपेला उणे चार. एक उंच गळ्याच्या वहिनी कुरकुरल्या, "भावजी, आज खाली खाली का वाटतंय?" मी म्हणालो, थंडी आहे. तिसऱ्या खेपेला उणे पाच. म्हणजे ऐकायला पांढरी चार. आणि त्या दिवशी मागच्या ओळीत टाळ वाजवता वाजवता सौ.चे ओठ हलू लागले. दुसऱ्या अभंगाला तिचा आवाज मला वेगळा ऐकू आला. जाड, जरा घोगरा, पण तिचाच. वर जाऊन फाटला नाही. मला काय वाटले ते लिहीत नाही.

मंडळी गेली. ती सतरंजी झटकत होती. घडी घालता घालता म्हणाली, "अहो, बोटं काळी पाचवर होती. ऐकू पांढरी चार येत होती. मी काय बहिरी झाले?"

मी काहीतरी यंत्राचे, मशिनचे म्हणून सांगू लागलो.

"तीन एकादश्या झाल्या. पहिल्याच दिवशी कळलं मला. म्हटलं, बघू हे सांगतात का." मग ती थांबली, आणि जे म्हणाली ते मी जसेच्या तसे लिहितो. "माझा आवाज उतरला, ते मी सोसलं. दोन वर्षं तुम्हाला नुसतं एवढं सुचलं नाही, की आपण खालच्या पट्टीत वाजवावं. पांढरी चार काय पेटीवर नव्हती? तुमची बोटं काळी पाचवरून खाली उतरायला तयार नव्हती. आता यंत्रानं उतरवलं, तेही चोरून."

ती आत गेली. दोन दिवस घरात चहा, जेवण, औषधाची वेळ एवढेच शब्द होते.

काय बोलणार? खरेच होते ते. खालच्या पट्टीत वाजवणे म्हणजे काही डोंगर खोदणे नव्हे; लहान लहान पोरे शिकतात. मला एका पट्टीचीच सवय, आणि त्या सवयीला मी इतकी वर्षे तिची पट्टी म्हणून मिरवत आलो होतो. तिची पट्टी बदलली तेव्हा कळले, की ती माझीच होती.

मी ट्रान्सपोज शून्यावर आणला आणि पांढरी चारवर षड्ज धरून बसलो. येथे एक मजेची गोष्ट हाती लागली. काळी पाचच्या सप्तकात पांढरी चार हा माझा पंचम होता. तो आता षड्ज झाला. आणि जुना षड्ज, ती लाडकी काळी पाच, नव्या सप्तकात मध्यमाच्या जागी जाऊन बसली. शुद्ध सुरांत तेवढी एकच काळी पट्टी उरली. सारी बैठक ओळखीच्या माणसांची, फक्त जागा बदललेल्या. तरी बोटे चुकत. सोळा वर्षांच्या पोराला आठ दिवस लागले असते, मला दोन महिने लागले. ती स्वयंपाकघरातून ऐकत असे. एकदा तिथूनच म्हणाली, "गंधार जरा चढाच लागतोय." मी म्हणालो, तो यंत्राचा दोष आहे, माझा नव्हे. हे खोटे नव्हते. पेटीचा आणि कीबोर्डाचा शुद्ध गंधार आपल्या गळ्यातल्या गंधारापेक्षा थोडा वरच असतो. एका स्वरांतराचे शंभर भाग केले, तर सुमारे चौदा भाग. रेडिओने पेटीला बाहेर काढताना जी कारणे दिली जात, त्यांत हेही होते. ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची पेटी बनवून, पट्ट्यांखाली खुंट्या बसवून तोड काढली आहे. हे सगळे मी तिला सांगितले. ती म्हणाली, "बरं. पण मध्यमही चुकलात, तो कुणाचा दोष?" ऑपरेशननंतर ती पेटीपाशी येऊन बसली ती त्या दिवशी.

चैत्रात आम्ही तेरला जातो. गोरोबाकाकांनी १३१७ साली तेथे समाधी घेतली असे मानतात, आणि त्या तिथीला मोठी यात्रा भरते. दिंड्या येतात, तेरणेकाठी पाय ठेवायला जागा नसते. तेथल्या एका मांडवात आमच्या मंडळाला पाऊण तास मिळाला. उन्हाने मांडवाचे कापडसुद्धा तापलेले. सौ. पुढच्या ओळीत होती; अभंग तीच उचलणार होती. पहिले दोन मी पांढरी चारवर वाजवले, ट्रान्सपोज शून्य. एकदा चुकलो, पण पखवाजाने सांभाळून घेतले.

शेवटी भैरवी. भैरवी म्हणजे सगळे कोमल सूर, आणि पांढरी चारवरून त्या पाच काळ्या पट्ट्या. तेवढे माझे झाले नव्हते. ते तिला आधीच सांगितले होते. ठरले होते, की भैरवीपुरते मी काळी पाचवर बोटे ठेवायची आणि उणे पाच लावायचे, उघडपणे. मी लावले. बोटे ठेवली. आणि वीज गेली.

पाचेक मिनिटांनी आली. लोक उठू लागले होते, म्हणून मी घाईने सूर दिला. मांडवात घणघणला तो पियानो! वीज गेली की हे यंत्र सगळे विसरते, आवाजही आणि ट्रान्सपोजही, हे पुस्तिकेत कुठेतरी लिहिले होते म्हणे. शून्य. खणखणीत काळी पाच. हार्मोनियमचा क्रमांक मी एका चिकटपट्टीवर लिहून फळ्यावर लावला होता. ती उन्हाने सुटून कुठे पडली कोण जाणे. मी क्रमांक आठवू लागलो. घामाने चष्मा घसरलेला, मुंगीची अक्षरे, शंभर डोळे.

तेवढ्यात माझ्या उजव्या बाजूने एक हात आला. बांगड्यांचा. तिने फळ्याकडे नीट पाहिलेसुद्धा नाही. समोर समाधीच्या बाजूला तोंड, आणि एका बोटाने ते उणेचे बटण टक, टक, टक, टक, टक, पाचदा दाबले. हे तिने कधी शिकून ठेवले, मला आजवर सांगितलेले नाही. मग टाळ उचलले आणि म्हणाली, "द्या आता."

भैरवी पियानोवर झाली. तेरच्या यात्रेत अशी भैरवी पूर्वी कधी झाली असेल असे वाटत नाही.

परतीच्या एसटीत यंत्र माझ्या आणि पखवाजवाल्यांच्या मांड्यांवर आडवे होते. मागच्या बाकावरून त्या उंच गळ्याच्या वहिनी पुढे वाकून म्हणाल्या, "भावजी, शेवटाला तो वेगळा आवाज कुठला लावला होता हो? लई गोड लागला. पुढच्या साली तोच लावा."

सौ. खिडकीबाहेर पाहत होती. तिचे खांदे हलत होते, त्यावरून ती हसत असावी.